हंसाबाईंची पंधरा फुटी कपाशी

घाटंजी, १४ मे २०१८

चि. यज्ञेश्वर यास ताईचे अनेक आशीर्वाद.

इकडे सर्व ठीक, असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहिलं. ठीक काही नाही. माझा फोन लागत नाही म्हणून काळजी करत असशील. तो मी बंद करून तांदळाच्या डब्यात ठेवलाय. हे पत्र तेवढ्यासाठीच.

गेला आठवडाभर भलतीच माणसं फोन करतात आणि हंसाबाई आहेत का विचारतात. नाहीत म्हटलं की त्यांना वाटतं, हंसाबाई अंघोळीला गेल्या असतील. थोड्या वेळाने पुन्हा करतात. आदिलाबादचा एक जण तेलुगूत बोलला, मी मराठीत. दोघांना कळला तो एकच शब्द, कापूस. परभणीकडचा एक बिचारा तर रडवेला झाला. म्हणे, मागच्या साली बोंडअळीनं सारं खाल्लं, आजी, दोन थैल्या तरी द्या. मी जन्मभर शाळेत भूगोल शिकवला रे, बियाणं कधी विकलं?

तुला फोनमधलं बरंच कळतं असं तू म्हणतोस. काही उपाय कळव. तुझ्या लेकाला, मंदारला, आशीर्वाद.

तुझी, फोनला घाबरणारी,
मंजुषाताई

नेर, १८ मे २०१८

ती. ताईस यज्ञेश्वरचा शिरसाष्टांग नमस्कार, वि. वि.

पत्र मिळालं आणि कोडंही सुटलं! ताई, या हंसाबाई खऱ्याच आहेत, आणि तुझ्याच गावात राहतात. परवा आमच्या प्रभातफेरीच्या ग्रुपवर त्यांची माहिती आली. नव्वद वर्षांची ही माउली पंधरा फूट उंच कपाशी पिकवते आणि बोंडअळी त्या झाडाला घाबरून पळते! त्यांचा नंबर तुझ्या नंबरसारखाच असणार, एखाददुसरा आकडा इकडचा तिकडे. म्हणून लोक चुकून तुला फोन करतात. बघ, विचार केला की उलगडा होतो.

मी तो मेसेज लगेच आणखी चार ग्रुपवर टाकला. शेतकऱ्यांच्या हिताचं काम आहे, आपल्याला कुठे बोटाचे पैसे पडतात? त्याची छापील प्रत सोबत जोडतो. तेवढं त्या बाईंचं घर शोध. माझ्यासोबत फिरायला येणारे मारोतराव दोन थैल्यांसाठी फार मागे लागलेत. तुझी ओळख सांगितली तर नाही म्हणणार नाहीत.

ऊन फार आहे, बाहेर पडताना डोक्याला बांधत जा. माया आहेच, ती पातळ होऊ देऊ नये.

तुझा,
यज्ञेश्वर

घाटंजी, २२ मे २०१८

चि. यज्ञेश्वर यास आशीर्वाद, आणि या वेळी एक धपाटाही.

हंसाबाईंचं घर सापडलं. मी त्यातच राहते.

छापील प्रत चष्मा लावून पाहा. नंबर माझा आहे. झाड माझ्या न्हाणीमागचं देवकापशीचं आहे. त्याच्या कापसाच्या मी देवाला वाती वळते. ते वर्षानुवर्षं उभं राहतं म्हणून उंच आहे, शेतातल्या कपाशीशी त्याचा काय संबंध? झाडाखाली उभ्या नव्वद वर्षांच्या माउलीच्या अंगावर तू भाऊबिजेला दिलेलं मोरपंखी लुगडं आहे. चेहरा कुणी गोरा, गुळगुळीत करून ठेवलाय. तरी सख्ख्या बहिणीला ओळखू नये?

अक्षय्यतृतीयेला आला होतास तेव्हा फोटो तूच काढलास आणि घरच्या ग्रुपवर टाकलास. खाली लिहिलंस, 'ताईची पंधरा फुटी कपाशी! बोंडअळी ताईला घाबरून पळते. वातींसाठी संपर्क', आणि पुढे माझा नंबर. आम्ही सगळे हसलो. आता 'ताई'ची कुणी हंसाबाई केलीय, 'ताईला'च्या जागी 'झाडाला' झालंय, आणि 'वातीं'च्या जागी 'बियाण्या'.

हसण्यावारी नेलं असतं. पण काल तांड्यावरून धावजी आला. आपलं वावर तो किती वर्षं बटईने, पिकातल्या वाट्यावर करतो, तुला माहीत आहे. मागच्या हंगामात त्याने बोंडं फोडून फोडून अळ्या दाखवल्या होत्या, तेव्हाही ओसरीवर बसून चहा घेऊन गेला होता. काल मात्र ओसरीवर बसेचना. म्हणे, बाई, तुमच्या आंगनात सोनं हाय अन् मले काहून नाही सांगतलं? परक्याले विकून राह्यले अन् मले झाड बी नाही दाखोलं? मी समजावलं, झाड दाखवलं. त्याला वाटलं, मी टाळतेय. मग त्याने पिशवीतून एक पाकीट काढलं. त्यावर माझा फोटो! बाजारात कुणीतरी हे विकतंय, आणि यंदा सगळं वावर यातच लावायचं त्याने ठरवलंय. म्हणे, तुमचा फोटो होता म्हून घेतलं, नाही तं घेतलं असतं काय?

या एका वाक्याने मला जेवण गेलं नाही. काहीतरी कर.

तुझी ताई (वय अडुसष्ट)

नेर, २७ मे २०१८

ती. ताईस नमस्कार. शिरसाष्टांगच, पण आज मान वर करवत नाही.

मंदारकडून माग काढला. आपल्या ग्रुपवरून त्यानेच तो फोटो गंमत म्हणून मित्रांना पाठवला होता. तिथून पुढे गेला तो गेलाच. मी लगेच खुलासा लिहिला: ही माझी बहीण आहे, झाड देवकापशीचं आहे, बियाणं मिळत नाही, कृपया पसरवू नये. सगळ्या ग्रुपवर टाकला. चौघांनी हात जोडल्याची चित्रं पाठवली. एकाने विचारलं, हा खुलासा कंपन्यांच्या दबावाखाली केला का? दुसऱ्याने लिहिलं, छान माहिती, पण बियाणं कधी मिळेल? मारोतराव समोरासमोर म्हणाले, बहिणीकडे थैल्या कमी असतील तर स्पष्ट सांगा, खोटं कशाला बोलता! आणि तेव्हापासून ते नाल्यापलीकडून फिरतात.

ताई, खोटं पाठवलं तेव्हा एकानेही पुरावा मागितला नव्हता.

कृषी कार्यालयात अर्ज दिलाय. तू एकटी बाजारात जाऊन कुणाशी भांडू नकोस. रागावलीस तरी बोलणं तोडू नकोस.

तुझा खजील,
यज्ञेश्वर

घाटंजी, ४ जून २०१८

चि. यज्ञेश्वर यास आशीर्वाद.

मी बाजारात जाऊन भांडून आले.

मोरपंखी लुगडं नेसून गेले होते. टेम्पोवर माझा पुरुषभर फोटो लावलेला, खाली भोंगा, आणि एक गोडबोल्या इसम पाकिटं विकत होता. सांगत होता, हंसाबाई बक्षीस घ्यायला दिल्लीला गेल्यात. मी नेमकी त्या फोटोखाली जाऊन उभी राहिले आणि म्हटलं, दिल्लीला जायला मी अजून एसटीतसुद्धा बसले नाही. तो म्हणाला, आजी, सावलीत बसा, ऊन लागलंय. लोकांनी एकदा फोटोकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. एक शेतकरी फार हळुवारपणे म्हणाला, थ्या बाईचा रंग उजळ हाय, आजी. यज्ञेश्वर, स्वतःच्या फोटोखाली उभं राहून मी खोटी ठरले!

पाकिटं घेणाऱ्या रांगेत धावजी आणि त्याची बायको लालीबाई होती. लालीबाई मला याडी म्हणते, म्हणजे आई. ती पुढे आली, हाताला धरलं, आणि सगळ्यांना सांगू लागली की ह्याच त्या बाई, आमी यांचंच वावर वाहतो. विकणाऱ्याला वाटलं, बरे साक्षीदार सापडले. त्याने धावजीला विचारलं, मग सांग, हे बियाणं बाईंच्या वावरात किती पिकलं?

धावजी पाकिटाकडे बघत राहिला. मग स्वतःशीच बोलावं तसं म्हणाला, एक बी झाड नाही. मग मोठ्याने म्हणाला, अरे, इतकं चांगलं असतं तं बाईनं पयले सोताच्या वावरात नसतं लावलं काय? अन् मले काहून नाही सुचलं हे! आणि हसायला लागला. चिडून नव्हे रे, भार उतरल्यासारखा. त्याच्या हसण्यावर रांग मोडली. लोकांनी तिथेच पाकिटं फोडली. आत सरकी, जनावरांना घालतो ती, गुलाबी रंग लावलेली. तो इसम टेम्पो सोडून पळाला. कृषी कार्यालयाची माणसं आली तेव्हा भोंगा अजून माझी स्तुती करत होता.

नंतर पन्नासेक जण झाड बघायला घरी आले. चहाची साखर संपली. उरलेली माया तुलाच आहे, चहासोबत घ्यायला ये.

तुझी ताई

नेर, १२ जून २०१८

ती. ताईस शिरसाष्टांग नमस्कार, या वेळी अभिमानाने.

सगळीकडे तूच आहेस! नवा मेसेज फिरतोय: घाटंजीच्या रणरागिणीने बारा भामट्यांना लाटण्याने झोडपून पोलिसांच्या हवाली केलं. मी तो पुढे पाठवला नाही, शपथ. पण खोडलाही नाही. मारोतराव नाल्याच्या अलीकडे आले आणि त्यांनी मला मिठी मारली.

तुमच्याकडचं एक मंडळ तुझा सत्कार करणार आहे, असं त्यांनी मला कळवलंय. ताई, विनंती एवढीच की बारा की एक, हा मुद्दा तिथे काढू नकोस. या खोट्याने कुणाचं वावर बुडत नाही, आणि आपल्या घराण्यात अजून कुणाला शाल मिळालेली नाही.

तुझ्या कौतुकात वाटेकरी,
यज्ञेश्वर

घाटंजी, २४ जून २०१८

चि. यज्ञेश्वर यास आशीर्वाद.

मुद्दा काढला. क्षणभर मोह झाला, खोटं कशाला सांगू. बारा भामटे ऐकायला बरे वाटतात. पण समोर धावजी आणि लालीबाई बसली होती. ज्यांनी माझ्या फोटोवर भरवसा ठेवून पाकीट घेतलं, त्यांच्यासमोर कसं खपवून घेऊ? उभी राहून सांगितलं की भामटा एक होता, लाटणं घरी होतं, आणि त्याला पळवलं ते धावजीच्या एका प्रश्नाने. तर शाल त्याला द्या. टाळ्यांचा कडकडाट झाला. सूत्रसंचालक गहिवरून म्हणाला, काय ही नम्रता! आणि पुन्हा बारा भामट्यांची हकिकत पहिल्यापासून सांगितली. शाल मात्र धावजीला मिळाली. उकाडा एवढा, तरी त्याने घरी जाईपर्यंत ती काढली नाही.

परवा दोघं दुकानातलं बियाणं आणि पक्की पावती घेऊन आली. धावजी म्हणाला, बाई, आता लावाच्या आंधी इचारून राह्यलो, हे चालते काय? मी म्हटलं, मला नाही कळत बाबा. तो म्हणाला, मले बी नाही कळत. मग आम्ही तिघं कृषी सहायकाकडे गेलो. लालीबाईने त्याला असे प्रश्न विचारले की मला माझा शाळेचा वर्ग आठवला: हे कोण म्हणते, कुठं लावून पाह्यलं, कोनाच्या वावरात, त्याले जाऊन भेटू काय? शेवटी तो पोरगा म्हणाला, मावशी, मीच वावरात येऊन सांगतो. आणि आला. बोंडअळीचे पतंग वासाने ओढून पकडणारे कामगंध सापळे बांधावर कुठे लावायचे ते दाखवलं, उरलेल्या जुन्या पऱ्हाट्या, म्हणजे कपाशीची वाळकी झाडं, उपटायला लावल्या, आणि लालीबाईच्या हातची भाकर खाऊन गेला.

आज लागवड सुरू आहे. मी धुऱ्यावर, बांधाच्या कडेला बसून लिहितेय. धावजी हाका मारतोय, एक ओळ तुम्हीही लावा म्हणून. कंबर नाही म्हणते. पण जाते.

तुझी ताई