पाळण्याच्या खोलीतल्या मुंग्या

६ एप्रिल

येणार! चिऊ येणार, बाळाला घेऊन, चांगली महिनाभर! फोन आत्ताच ठेवला. ह्यांना सांगायला धावले तर म्हणतात, कळलं, आख्ख्या गल्लीला कळलं. माझा आवाज कधीच लहान नव्हता, आता आजी झाल्यावर कुठून होणार?

पण एक मेख आहे. पुढच्या खोलीत ह्यांचं शिलाईचं दुकान, दिवसभर मशीनची खडखड. म्हणजे बाळाला मागची खोली. आणि तिथे लाल मुंग्या! मागच्या खेपेला लेकीचे पाय त्यांनी असे सुजवले की तिच्या सासूबाई अजून नावं ठेवतात. चिऊने आज साफ सांगितलं — "आई, खोलीत एक जरी लाल मुंगी दिसली ना, तर मी त्याच दिवशी परत."

बरोबरच आहे तिचं. दोन महिन्यांचा जीव तो.

तर आता मी आणि मुंग्या. बघूच कोण जिंकतं!

८ एप्रिल

सापडली वाट! सकाळभर फरशीवर फतकल मारून बसले, समोर बिस्किटाचा चुरा. परसातल्या लिंबाच्या बुंध्यातून निघतात, भिंतीवर चढतात, फटीतून आत, तिथून थेट कॉटखाली.

ती भिंत म्हणजे अर्धी आमची, अर्धी थोरल्या जाऊबाईंची. एकच घर, मधून वाटणी. भावजी गेल्यापासून पलीकडे ती एकटीच. चार वर्षं झाली, आमचं बोलणं बंद आहे. लिंब मधोमध, आणि तिने मला न विचारता माझ्या बाजूच्या फांद्या छाटल्या. मी बोलले, ती बोलली, मग कुणीच बोललं नाही. मुंग्या मात्र दोन्हीकडे बिनधास्त जातात-येतात!

९ एप्रिल

मुंग्यांचा खडू आणला. ह्यांनी चष्मा लावून पाकीट वाचलं — लहान मुलांपासून दूर ठेवा. झालं! खडू गेला कपाटावर. औषध कुठलंच चालणार नाही, हे ठरलं.

१० एप्रिल

मीठ टाकलं. मिठावरून चालत गेल्या भवान्या!

१२ एप्रिल

व्हिनेगर!! गल्लीतल्या शिक्षिकाबाईंनी सुचवलं. पाण्यात मिसळून सगळी वाट पुसून काढली. पुढच्या मुंग्या आल्या त्या जागच्या जागी गरागरा फिरायला लागल्या, घराचा नंबर विसरल्यासारख्या. मग ह्यांनी पुट्टीने फट बुजवली. टाके घालतात तशीच नीट, जीभ बाहेर काढून. मी टाळ्या वाजवल्या.

१४ एप्रिल

एक नाही. औषधालासुद्धा नाही!

परसात जाऊन पाहिलं, गेल्या कुठे. तर लिंबावरून निघालेली रांग भिंतीवर चढते, मध्यावर वळते आणि सुळ्ळकन जाऊबाईंच्या स्वयंपाकघराच्या खिडकीत! हसून हसून पोटात दुखलं. फांद्या छाटल्यास ना माझ्या? घे आता!

हे म्हणाले, असं बोलू नये. बरं, नाही बोलत. लिहिते.

१७ एप्रिल

आल्या मायलेकी! काय सांगू! मूठ घट्ट, हनुवटी माझी, जांभई आजोबांची. चिऊने आधी टॉर्च घेऊन खोली पाहिली. कोपरे, कॉटखाली, गादी उलटून. मी दारात उभी, परीक्षेच्या निकालाला उभी राहावी तशी. पास! पाळण्याचे चारही पाय पाण्याच्या वाट्यांत ठेवले, ते वेगळंच.

बाळ आत्ता झोपलंय. मला झोप कुठली!

२१ एप्रिल

गल्लीत मी आता मुंग्यांची डॉक्टर! दूधवाली विचारून गेली, कोपऱ्यावरच्या घरातली सूनही. सगळ्यांना व्हिनेगर लिहून दिलं. शिक्षिकाबाई मात्र म्हणतात, त्यांच्याकडे पहिले दोन दिवस बरं होतं, मग आल्याच परत. पुसायला हात लागतो, तो सगळ्यांनाच नसतो.

२३ एप्रिल

बाळाला खांद्यावर घेऊन परसात फिरत होते. जाऊबाई तिच्या खिडकीत आली आणि बघत राहिली. मी पाठ फिरवून आत आले. चिऊ म्हणाली, मोठ्या आईला एकदा दाखवून येऊ का? म्हटलं, तिला वाटलं तर ती येईल.

रात्री जेवण गोड लागलं नाही. उगाच.

२७ एप्रिल, सकाळ

सत्यानाश! पहाटे चिऊची किंकाळी. स्विचबोर्डच्या भोकातून लाल रांग, भिंतीवरून पडद्यावर, पडद्यावरून पाळण्याच्या मच्छरदाणीवर! पायांखालच्या वाट्या काय कामाच्या? बाळाला चावली नाही, थोडक्यात वाचलं. चिऊने बाळाला उचललं. बॅग काढली. जावईबापू संध्याकाळी न्यायला येतायत.

व्हिनेगर संपवलं. पुसते, परत येतात. पुसते, परत येतात!

परसात धावले. आणि काय बघते? पलीकडच्या खिडकीत जाणारी रांग गायब. सगळी फौज आमच्याकडे वळलेली! म्हणजे तिनेच हाकलल्या, मुद्दाम! वैर माझ्याशी आहे ना, मग माझ्याशी कर. एवढ्याशा पोरीवर सूड?

हे अडवतायत. आज ऐकणार नाही. चार वर्षांचं सगळं तोंडात आलंय. ही निघालेच!

२७ एप्रिल, दुपार

दार नुसतं लोटलेलं होतं. जाऊबाई अंथरुणात, तापाने फणफणलेली. खिडकीच्या कट्ट्यावर बरण्यांची झाकणं ओळीने मांडलेली, आमच्या भिंतीला लागून. सगळी कोरडी, आत साखरेचे पांढरे डाग.

मी तोंड उघडायच्या आत तीच कोपरावर उठली.

"दोन दिवस उठताच आलं नाही गं. त्यांना साखरपाणी ठेवायचं राहिलं. तिकडे वळल्या असतील सगळ्या... चावल्या का बाळाला?"

"नाही," म्हटलं. आणि मला रडू फुटलं. मग विचारलं, साखरेचा डबा कुठे असतो.