लोकर भरलेली मॅटॅडोर

बेल्हे, ता. जुन्नर
२६ एप्रिल २००२

प्रिय जालिंदर,

तुझ्या आईंचा निरोप पोचला. अक्षयतृतीयेला सुपारी फोडायला त्यांची हरकत नाही, पण त्याआधी माझी ती गाडी भंगारात गेलेली दिसली पाहिजे. कुशाबामामा आमच्या ओट्यावर बसून, चहात बिस्कीट बुडवत बुडवत हे सांगून गेले. तुझे मामा बोलतात मात्र गोड, वाईट बातमीसुद्धा जेवणाचं आमंत्रण दिल्यासारखी देतात. त्या निरोपाला उत्तर देणार आहे, पण ते शेवटी. बोलणी सुरू झाल्यापासून आपण भेटायचं नाही असं मोठ्यांनी ठरवलं आणि दिवाळीनंतर तू गाडी पाहिलेलीच नाहीस. म्हणून आधी गाडीची हकीकत वाच, पानं उलटून शेवट बघू नकोस. तुझी ती खोड मला माहीत आहे.

तू पहिल्यांदा आमच्या दुकानात आलास तो तुमच्या विहिरीवरची जळालेली मोटर घेऊन. आप्पा बाहेरगावी होते. मी स्टुलावर बसून तांब्याची तार गुंडाळत होते, आणि तू मलाच विचारलंस, "मेस्त्री कधी येणार?" मी म्हटलं, "आलेत, बसा." मोटर उद्या मिळेल हे सांगूनही तू दुपारभर बसलास. आप्पांना नंतर कळलं तेव्हा ते म्हणाले, "मोटर जळाली व्हती का पोरगं?" त्याच उन्हाळ्यात मी खोडदला एका शेतावर मोटर बसवायला गेले आणि कांदे साठवायच्या चाळीमागे ही मॅटॅडोर दिसली. टायर बसलेले, टपावर भोपळ्याचा वेल, आत कोंबड्या. कालव्याच्या सर्व्हेला आलेल्या कुणा इंजिनिअरची ती गाडी. गावोगाव मुक्काम करता यावा म्हणून त्याने आत झोपायची फळी, घडीचं टेबल आणि खिडकीला जाळी बसवून घेतली होती. मी कोंबडी उठवून त्या फळीवर बसले, खिडकीतून तिथल्या रेडिओ दुर्बिणीच्या मोठ्या तबकड्या दिसत होत्या, आणि मला उठावंसंच वाटेना. शेताचा मालक म्हणाला, "न्या की, जागा तरी मोकळी व्हईल."

पुढचं थोडंफार तुला माहीत आहे. जानकू वेल्डरने खालचा सडलेला पत्रा कापून नवा टाकला. डायनॅमो उघडून मी स्वतः त्यात नवी तार भरली. ट्रॅक्टरची बॅटरी जादा बसवून आत दोन दिवे आणि एक पंखा चालवला. पाण्याची टाकी टपावर, शेगडी मागच्या दाराशी. सरकतं दार काही केल्या सरकत नव्हतं, तेव्हा मंचरच्या सगळ्या दुकानांतून हिंडून त्याचे रोलर तू शोधून आणलेस आणि मुठीत लपवून, काहीतरी चोरून आणल्यासारखे मला दिलेस. दार सरकलं तेव्हा तू माझ्याहून मोठ्याने ओरडला होतास. ते मी विसरलेले नाही आणि तूही विसरला नसशील.

आता तुला माहीत नसलेलं सांगते. उन्हात मॅटॅडोरचा पत्रा इतका तापतो की आत पापड भाजावेत. पत्रा आणि प्लायच्या मध्ये काहीतरी भरायला हवं होतं. आमच्याकडे काय भरणार? चुलत्याची मेंढरं कातरली होती, लोकरीची पोती पडून होती. मी आणि आप्पांनी दोन दिवस ती ठासून भरली, वर प्लाय ठोकला, आणि गाडी गार झाली म्हणून पेढे वाटले. लोकर धुवायची राहिली हे कुणाच्या डोक्यातच आलं नाही. आमच्या घरात लोकरीचा वास कुणाला येतच नाही रे, जन्मापासून त्यातच झोपलोय. ऊन चढलं, लोकरीतला तेलकटपणा सुटला आणि गाडीला भर उन्हात मेंढवाड्यातल्या मेंढरांचा वास सुटला. मी, आई, आप्पा, आम्ही तिघंही खुशाल.

तशीच ती गाडी मी बेल्ह्याच्या बाजारात नेली, दार उघडं टाकलं आणि आईबरोबर तवा घ्यायला गेले. परत येते तो गाडीभोवती गर्दी. एका व्यापाऱ्याच्या कळपातलं कोकरू वासाने आत चढलं, त्याच्यामागे त्याची आई, आणि एक गेली की बाकीच्या जातातच. फळीवर मेंढ्या, टेबलाखाली मेंढ्या, एक तर ड्रायव्हरच्या सीटवर. व्यापारी ओरडत होता, "अवं भाऊ, माझी मेंढरं कुणी भरली ह्यात?" आणि कुणीतरी म्हणालं, "राव, ही तर मेंढरांची यष्टी हाय!" लोक पोट धरून हसले. मीही हसले. हसता हसता वर पाहिलं तर समोर कुशाबामामा उभे, आणि ते काही हसत नव्हते. निरोपाचा उगम तिथे झाला हे ओळखायला मला जोतिषी लागला नाही.

घरी आल्यावर मी सगळा प्लाय उचकटला. चिडून नाही, नीट एकेक स्क्रू काढून. लोकर बाहेर ओढली, रिठ्याच्या पाण्यात धुतली, पुन्हा धुतली, कुकडी नदीच्या कडेला खडकांवर वाळवली, पिंजली, कसर लागू नये म्हणून कडुलिंबाचा वाळका पाला मिसळला आणि पुन्हा भरली. हात सोलवटले. शेजारच्या वैष्णवीला मुद्दाम आत बसवून हुंगायला लावलं, कारण आमच्या नाकांवर माझा भरवसा राहिलेला नाही. ती म्हणाली, "आता फक्त कडुलिंबाचा वास येतोय." मग तिलाच आत झोप लागली.

आई आधी या गाडीच्या विरोधात होती, हे तुला सांगितलं नव्हतं. लग्न होऊन आली तेव्हापासून तिने निम्मं आयुष्य मेंढरांमागे चालत काढलं. दिवाळी झाली की घाट उतरून कोकणात, पावसाआधी परत, सगळा संसार एका घोड्यावर. "मी पाय झिजवून घर मिळावलं आन तू घरालाच चाकं लावती व्हय?" असं ती म्हणायची. पण परवा मी गाडीत भांडी लावत होते तेव्हा ती दारात उभी राहून बघत होती. तिला राहवलं नाही. "बिऱ्हाड असं भरत्यात का? मुक्कामाला पैलं काय लागतं? चूल. मंग ती समद्यात शेवटी चढवायची. तू तवा तळाला घातला." तिने मला बाजूला सारलं, सगळं बाहेर काढलं आणि घोडा भरायची तशी गाडी भरली. अंथरूण आत, पीठ त्यापुढे, चूल-तवा-पाणी अगदी दाराशी. मग फळीवर बसून म्हणाली, "त्या येळंला मला जायचं न्हाई म्हणायची सोय नव्हती. तुला जायची हौस हाय, तर जा." ती कधी माझ्याशी असं बोलली नव्हती. मी तिच्या मांडीवर डोकं ठेवून बराच वेळ पडून राहिले.

आता उत्तर. गाडी मोडणार नाही. तुझ्या आईंचा मला राग नाही. मेंढरं भरलेल्या गाडीचं वर्णन ऐकून कुठल्या सासूला धडकी भरणार नाही? मेंढरांमागे रस्त्याने हिंडणारे ही ओळख पुसून मंचरला आडतीचा गाळा उभा करायला तुमच्या घराने किती सोसलं हेही मला ठाऊक आहे. मला लागलं ते वेगळंच. मी मामांना विचारलं, "जालिंदर काय म्हणाला?" ते म्हणाले, "तो काय म्हननार? गप व्हता." जालिंदर, रोलर आणणारा माणूस गप कसा बसला? हे पत्र मी त्यासाठी लिहिते आहे. अक्षयतृतीयेला मी गाडी घेऊन मंचरला येणार. चालवणार मीच, लायसन्स आलं आहे. आई मागे, आप्पा माझ्या शेजारी. तुमच्या गाळ्यासमोर, सगळ्यांदेखत उभी करीन. तू बाहेर ये आणि हो म्हण किंवा नाही म्हण, पण स्वतःच्या तोंडाने म्हण. मामांना पुढे करू नकोस. मला तू हवा आहेस, फार हवा आहेस, आणि गाडीही हवी आहे. नाही म्हणालास तर मी रडेन, खोटं कशाला सांगू, पण तुमच्या दारात रडणार नाही. आम्ही तिथूनच आळेफाट्यावरून माळशेजला जाऊ, चूल दाराशीच आहे. आणि हो म्हणालास तर आप्पा उठून मागे आईजवळ बसणार आहेत, तसं त्यांनी आपणहून सांगितलं आहे. येताना जाड तळव्याच्या चपला घाल. इंजिन दोन सीटांच्या मधोमध आहे, शेजारी बसणाऱ्याचे पाय भाजतात.

तुझीच, गाडीसकट,
आशा