तुमच्या गाडीचं मडगार्ड

शिबुकावा,
रविवार, ९ नोव्हेंबर १९९७

अहो,

सप्रेम नमस्कार. सफरचंदांची पेटी परवा पोचली. या वेळी एकही फळ डागाळलेलं नव्हतं. पेटीत चिठ्ठी नव्हती, म्हणजे तुमची तब्येत बरी असणार असं धरून चालते. भावजींची कंबर कशी आहे? जाऊबाईंना सांगा, त्यांनी विणलेले मोजे रोज वापरते. पहिलं सफरचंद नेहमीच्या जागी, फोटोपुढे ठेवलं. बाकीची शेजारी वाटली.

इकडे आकागी डोंगरावरून वारा सुटायला लागला आहे. पर्सिमॉनची फळं सोलून वाळायला पडवीत टांगली आहेत. छपराची सरकलेली कौलं बसवून घेतली. मी बरी आहे. जेवते, झोप येते. मध्यंतरी किटली उचलताना हात भाजला, ते फोड आल्यावर कळलं. दुखलं नाही. डॉक्टर म्हणाले, हाताला काही झालेलं नाही.

आता गाडीचं.

जाताना तुम्ही तिची बॅटरी काढून ठेवलीत, वर कापड घातलंत आणि शेडला कुलूप लावलंत. मी ते उघडलं नव्हतं. सप्टेंबरच्या वादळात शेडमध्ये पाणी शिरलं म्हणून उघडावं लागलं. गाडी तशी ठीक होती, पण एकाच जागी उभी राहून चारही टायर बसले होते आणि त्यांना बाजूने तडे गेले होते. सरकारी तपासणीची मुदतही कधीच उलटून गेलेली. मी चिनात्सूला फोन केला. वडील गेल्यापासून टायरचं दुकान तीच चालवते. शाळेत असल्यापासून आपल्याकडे यायची आणि जेवल्याशिवाय हलायची नाही, तीच.

तिने टायरवरून बोट फिरवलं. "काकू, हे गेले. याच मापाचे अजून मिळतात. काकांना आवडतात तसेच बारीक. मागवू?"

मी हो म्हणणार होते. खरंच. तोंड उघडलं आणि म्हणाले, "कोपऱ्यात ताडपत्रीखाली आहेत त्या रिम बसतील का?"

चिनात्सू जागची हलली नाही. ताडपत्री मीच काढली.

खाली काय आहे ते तुम्हाला ठाऊक आहे. चार रिम. काळ्या, आठ दांड्यांच्या, तुमच्या रिमच्या जवळजवळ दीडपट रुंद. इतके दिवस झाकलेल्या, त्यामुळे धूळसुद्धा नव्हती. दुकानातून आजच आणल्यासारख्या.

"बसतील," चिनात्सू म्हणाली, "पण एवढ्या बाहेर येतील." तिने चार बोटं आडवी धरून दाखवली. "चाक अंगाबाहेर आलं की तपासणीत नापास. मडगार्डची कड कापायची आणि वरून रुंद मडगार्ड चढवायचं, हाच मार्ग. पूर्वी त्यालाही परवानगी नव्हती, आता रीतसर कागदावर रुंदी बदलून मिळते. पण काकू, कापलेला पत्रा नंतर जोडला तरी पहिल्यासारखा होत नाही. काकांना विचारलंत?"

"नाही."

"विचारणार?"

"नाही."

"मग मी कशी कापू?"

"ग्राइंडरने," मी म्हणाले.

ती हसली. मला हसू आलं नाही, पण आपण विनोद केला एवढं समजलं.

तुमच्या गाडीवेड्या मित्राला, कुवाबारांना, ही बातमी कोणी दिली कोण जाणे. एका रविवारी ते स्वतःची चकचकीत गाडी घेऊन दारात हजर. इंजिन बंद करायच्या आधीच बोलायला सुरुवात.

"वहिनी, हे मी काय ऐकतोय? शिगेओने त्या गाडीचा एक स्क्रू बदलला नाही इतक्या वर्षांत. अख्ख्या जिल्ह्यात एवढी अस्सल दुसरी नाही. आणि तुम्ही तिला मवाल्यांची गाडी करणार? अहो, नवरा जिवंत आहे अजून!"

"आहे ना. आओमोरीत आहे."

"मग त्याला कळवा तरी!"

"आधी कापते, मग कळवते. चहा घेणार?"

"चहा कसला विचारताय!" म्हणत ते तरातरा शेडमध्ये शिरले. तिथे रिम ओळीने भिंतीला टेकवून ठेवल्या होत्या. मग म्हणाले, "ह्या कुणाच्या?"

"मिझुहोच्या."

या घरात ते नाव कितीतरी दिवसांनी उच्चारलं गेलं. मला वाटलं होतं, उच्चारलं की काहीतरी होईल. पण पोस्टातल्या बाईने पार्सलवरचं नाव वाचावं तसं ते माझ्या तोंडून बाहेर पडलं. कुवाबारांनी डोक्यावरची टोपी काढली आणि हातात धरून उभे राहिले. मग जाता जाता दारातून म्हणाले, "ग्राइंडर चालवताना काचांवर ओलं कापड टाका. ठिणग्यांनी काच खराब होते."

नाव लिहिलंच आहे, तर पुढचंही लिहिते.

चिनात्सूच्या वडिलांच्या दुकानात काम करून, स्वतःच्या पगारातून मिझुहोने त्या रिम घेतल्या होत्या. केवढ्या आनंदाने घेऊन आली होती. आणि तुम्ही जेवता जेवता वरसुद्धा न बघता म्हणालात, "असलं डबडं माझ्या गाडीला लागणार नाही." तीही तुमचीच मुलगी, तेवढीच हट्टी. त्यानंतर सबंध उन्हाळा तुमचं बोलणं माझ्यामार्फत. "आई, त्यांना सांग, फोन आलाय." "तिला सांग, मी ऐकलंय." एका खोलीत बसून. मला तेव्हा तुम्हा दोघांचा राग यायचा. राग येणं किती छान असतं, हे तेव्हा ठाऊक नव्हतं.

मग तिच्या रक्ताचा रिपोर्ट आला, आणि माएबाशीच्या हॉस्पिटलातली ती खोली. त्या दुपारी मी खिडकीशी नाशपाती सोलत होते. तुम्ही तिच्या पलंगाच्या लोखंडी दांड्याला धरून उभे होतात. म्हणालात, "घरी आलीस की लावू त्या रिम. मडगार्ड मी स्वतः कापतो."

ती हसली. "बाबा, तुम्ही कापणार? तुमचा हात थरथरेल."

"तू धर मग माझा हात," तुम्ही म्हणालात.

फेब्रुवारीत ती घरी आली. पण त्या येण्याला येणं म्हणत नाहीत.

तुम्हाला टोचायला हे लिहीत नाही. तुम्ही तिची समजूत घालायला खोटं बोलला नव्हतात. मी तुमचा चेहरा पाहिला होता, तुम्ही खरंच कापणार होतात. म्हणूनच तुम्हाला इथे राहता आलं नाही, हेही मला कळतं. भावजींना तोडणीला मदत हवी म्हणून गेलात, आणि झाडांना पुन्हा फुलं येऊन पुन्हा फळं धरली तरी तिथेच राहिलात. मी कोणाला काही बोलले नाही. विचारणाऱ्यांना सांगते, बागेत माणसं कमी आहेत. पण तुम्ही दिलेला शब्द घरात तसाच पडून होता, आणि घरात मी होते.

चिनात्सूने कडेला चिकटपट्टी लावून रेघ आखली. काचांवर ओली चादर टाकली. पुढची दोन्ही मडगार्डं आणि मागचं उजवं तिने कापलं, मी दिवा धरला. पत्र्याचा आवाज फार मोठा येतो हो. समोरच्या आजीबाई रस्त्यावर येऊन उभ्या राहिल्या. मागचं डावं राहिलं, तेव्हा चिनात्सूने चष्मा काढून माझ्या डोळ्यांवर चढवला आणि ग्राइंडर माझ्या हातात दिलं. "हे तुमचं, काकू. हळू. ढकलू नका, त्याचं त्याला जाऊ दे."

माझा हात थरथरला नाही. भीती वाटली नाही. रडूही आलं नाही. कड सुटून खाली पडली, ती मी उचलून बाजूला ठेवली. चिनात्सू किंचाळली, "काकू! गरम आहे ते!" मी हात बघितला. लाल झाला होता. तिने माझा हात नळाखाली धरला आणि बराच वेळ सोडला नाही. रडत तीच होती.

कापलेल्या कडेला गंज धरू नये म्हणून रंगाचे दोन हात दिले, वर रुंद मडगार्डं बोल्टने आवळली, नवे टायर चढवले. गाडी जॅकवरून खाली उतरली तेव्हा वेगळीच दिसली. पाय फाकवून उभ्या राहिलेल्या सुमो पैलवानासारखी. तुम्हाला आवडणार नाही. मला आवडली की नाही, सांगता येत नाही. तपासणीत पास झाली. कागदावर नवी रुंदी लिहून मिळाली.

मग मी ती हारुनाच्या तळ्यावर नेली. आयुष्यभर बाजारहाटाचा छोटा ट्रक चालवलेली बाई मी, घाटाच्या पायथ्याशीच वाटलं की परत फिरावं. स्टीअरिंग इतकं जड की वळणावर दोन्ही खांदे लावावे लागतात. रस्त्यातला लहानसा चरसुद्धा गाडीला ओढून नेतो, सारखं सावरत राहावं लागतं. आणि चाक पूर्ण वळवलं की पुढचा उजवा टायर कुठेतरी घासतो. तरी पोचले. तळ्याकाठी एक जोडपं गाडीभोवती फिरून बघत होतं. त्यातली बाई म्हणाली, "काकू, कुणाची गाडी हो ही?"

"माझ्या मुलीची," मी म्हणाले.

"झकास आहे! सांगा तिला."

"सांगते."

घरी येऊन तिच्या फोटोला सांगितलं.

दुसऱ्या दिवशी खांद्यापासून मनगटापर्यंत दोन्ही हात दुखत होते. भाताचं भांडं उचलवेना. हात दुखताहेत हे मला कळलं, आणि मी भांडं तसंच ठेवून ओट्याशी उभी राहिले. एवढंच झालं. त्याहून जास्त काही झालं असं लिहिणं खोटं होईल.

गाडी तुमची आहे. विचारलं नाही, हे खरं. माफी मागत नाही. शिव्या द्यायच्या असतील तर कागदावर द्या, पण नुसती पेटी पाठवू नका. तोडणी संपत आली असेल, तर पुढच्या आठवड्यात गाडी घेऊन तिकडे यायचं म्हणते. तुम्ही परत चला असं म्हणायला नाही. तुम्ही बघावी म्हणून.

भावजींना आणि जाऊबाईंना नमस्कार.

तुमच्या घरात राहणारी,
तोकिए


हिरोसाकी, आओमोरी,
शुक्रवार, १४ नोव्हेंबर

तोकिए,

पत्र मिळालं. गाडी घेऊन इकडे येऊ नकोस. काल पहिला बर्फ पडला. रुंद टायर बर्फात रुतत नाहीत, वरून घसरतात. स्टीअरिंग कितीही फिरव, गाडी सरळ जाईल.

पुढचा उजवा घासतो म्हणतेस, तर चाक पूर्ण वळवून ठेव आणि आतल्या बाजूने हात फिरव. रबर जिथे गुळगुळीत लागेल तिथे घासतंय. ते बघितल्याशिवाय पुन्हा घाटात जायचं नाही. चिनात्सूला सांग, चाकांचे नट गाडी थोडी चालल्यावर परत आवळायचे असतात. तिला ठाऊक असेलच. तरी सांग.

हाताला मलम लावतेस ना?

पेटी भरताना दर वेळी चिठ्ठी लिहायला बसायचो. 'कशी आहेस' एवढं लिहून व्हायचं. त्याच्यापुढे लिहायचं तर तिचंच लिहावं लागलं असतं. मग तो कागद चुलीत जायचा.

मागचं डावं तू कापलंस, ते वाचून मी बागेत गेलो. दादा शिडीवर होता. वरूनच ओरडला, "काय रे, काय झालं? घरून काही वाईट बातमी?" मी म्हणालो, "नाही. गाडीला चाकं बसली." तो म्हणाला, "मग रडतोस कशाला, गाढवा?" आणि कंबर धरून, कण्हत कण्हत खाली उतरला. मला काही सांगता आलं नाही. त्याने पुन्हा विचारलं नाही. अंधार पडेपर्यंत आम्ही दोघांनी मिळून शेवटच्या झाडांची फळं उतरवली.

पुढच्या शुक्रवारी दुपारी ओमियाला ट्रेन बदलून ताकासाकीला उतरतो. स्टेशनवर न्यायला ये. तीच गाडी घेऊन ये. मी शेजारी बसेन. वाटेत मला बोलता येईलच असं नाही. नाही आलं, तर तू नुसती चालवत राहा.

मिझुहोचा बाप,
शिगेओ