बनाबाईचे धडे

२ जून २०२५

रजिस्ट्रीच्या साहेबांनी परत पाठवलं. "तुमच्या बहिणीला ऐकू येत नाही, बोलता येत नाही, वाचता येत नाही. हक्क सोडतेय हे तिला कळलं कशावरून? खुणांनी विचारणारा कोणी आणा, मग अंगठा घेतो."

गाडीत उत्तमदादा म्हणाला, "मुकीले काय विचारायचं बे? म्हैस विकताना म्हशीले पुसतो का आपण?" मी हसलो. घरी आल्यावर त्या हसण्याची लाज वाटली.

बाबा गेल्यावर सातबाऱ्यावर आम्हा तिघांची नावं चढली. बहिणीनं लुगडं घेऊन हिस्सा सोडायचा, ही आमच्याकडची रीत. रीत मलाही मान्य आहे. पण तिला समजून.

४ जून

यूट्यूबवर खुणांची भाषा शिकवणारा चॅनल सापडला. फुकट. सत्तर धडे आहेत. निळ्या कुडत्यातली बाई सावकाश हात हलवते.

ठिबक जोडणं, मोटार खोलणं, मोसंबीची छाटणी — सगळं याच फोनवर शिकलो. बहीण पन्नाशीला आली तरी हे शोधायचं सुचलं नाही. काय कारण द्यायचं?

९ जून

पाचवा धडा. आई, भाऊ, पाणी, घर. आधी मी शिकतो, मग बनाबाईला दाखवतो. तिची बोटं माझ्याहून चपळ. माझी बायको अन्नपूर्णा कुरकुरली, "नणंदबाई मास्तरीण झाल्या तं भांडे कोण घासन?"

बनाबाईला हाक मारायची तर आमच्या घरात खडा मारतात. लहानपणापासून. आज मी खांद्याला हात लावला. तिनं डोक्यावर हात घेतले.

१५ जून

तिनं म्हशीची खूण विचारली. चुलीची. माझी. मग स्वतःच्या छातीवर बोट ठेवलं.

आपल्याला नाव आहे हेच तिला माहीत नव्हतं.

फोनवर बघून तिच्या नावाचं एकेक अक्षर बोटांनी दाखवलं. दिवसभर गोठ्यात तेच करत होती.

२० जून

दादा म्हणे, "झाली का शाळा? का बारावीले बसवतं तिले?"

आता जमीन, देणे, अंगठा एवढंच घेतोय. मध्ये 'तक्रार' नावाचा धडा होता. पुढे ढकलला. ढकलला की गाळला? इथेही मी शब्द निवडून लिहितोय.

२६ जून

नवं लुगडं नेसून बनाबाई साहेबांपुढे बसली. मी खुणांनी सांगितलं — तुझी जमीन. भावांना देणे. अंगठा.

ती दादाकडे बघत राहिली, मग माझ्याकडे. हात उचलले. एकही खूण चुकली नाही. तिनं विचारलं — मग मी कुठे राहू?

"काय म्हणते?" साहेबांनी विचारलं.

"हो म्हणते," मी म्हणालो.