बेचाळिसावी गल्ली

४ मार्च, सोमवार. सकाळी ७.
चहा होईपर्यंत अकरा ट्रक. मोठ्या रस्त्यावरचा सिग्नल चुकवायला सगळे आमच्या गल्लीत घुसतात. खिडकीशी आईची खाट. खुब्याचं ऑपरेशन झाल्यापासून ती तिथेच. दोन ट्रकांच्या मध्ये बसेल तेवढंच बोलते.
बायको म्हणाली, एप्रिलअखेर हे थांबलं नाही तर ती आईंना घेऊन तिच्या बहिणीकडे राहायला जाणार. भांडली नाही. मी म्हटलं, थांबेल. पालिकेच्या वाहतूक विभागात मी सतरा वर्षं आहे. ठरलेला मार्ग सोडणाऱ्या ट्रकांचा दंड वाढवण्याचा प्रस्ताव माझ्याच टेबलावर आहे.
संकल्प: दंड दहापट.

७ मार्च.
मसुदा तयार. पाचशेचे पाच हजार. साहेबांनी विचारलं, जरा जास्त होत नाही ना? मी ठाम राहिलो. म्हणजे काहीच बोललो नाही.

११ मार्च.
दंड कोणत्या गल्ल्यांत लागू, याची यादी केली. बेचाळीस. प्रत्येकीत स्वतः जाऊन उभा राहिलो. आमची शेवटी लिहिली.

१२ मार्च.
शेवटी लिहिली म्हणून काय झालं? लिहिली तर मीच. स्वतःच्या दारापुरता नियम केला, असं उद्या कोणी म्हणालं तर? मला खरंच शहराचं भलं करायचंय की फक्त माझ्या घराचं? जेवण गेलं नाही.

१३ मार्च. दुपारी.
साहेबांना विचारलं, माझी गल्ली यादीत असली तर चालेल का? ते फोनवर काहीतरी बघत होते. वर न बघता म्हणाले, यादी तुमची, तुम्ही ठरवा. याचा अर्थ काय, यावर दोन तास विचार केला.
आमची गल्ली खोडली. एकदम हलकं वाटलं. तसाही दंडाचा धाक सगळ्या शहराला बसणार, त्यात आमची गल्ली आलीच.
घरी बायकोने विचारलं, यादी झाली का? म्हटलं, जवळजवळ सगळ्या गल्ल्या आहेत. हे खोटं नाही.

८ एप्रिल.
प्रस्ताव मंजूर. चर्चाही झाली नाही. पुढच्या सोमवारपासून लागू. बायकोने कपाटावरून काढलेली बॅग परत वर ठेवली. मला ती कामगिरी वाटली.

१५ एप्रिल, सोमवार. सकाळी ७.
पहिला दिवस. चहा होईपर्यंत एकोणतीस. ड्रायव्हर लोकांची सवय मोडायला वेळ लागणारच.

१८ एप्रिल.
मोजणं बंद केलं. आता सोळा चाकीही येतात. कोपऱ्यावर पोलीस आहे. तो ट्रकांना हाताने आमच्या गल्लीत वळवतो. बाकी एक्केचाळीस बंद, त्यामुळे त्याचं बरोबरच आहे. मला ओळखून त्याने सलाम केला. मीही केला.
आईने सकाळपासून एकही वाक्य पूर्ण केलं नाही.

२२ एप्रिल.
पालिकेने यादीचा फलक चौकात लावला. बायकोने भाजी आणायला जाताना तो दोनदा वाचला. घरी येऊन पिशवी ओट्यावर ठेवली आणि विचारलं, "अहो, तुम्हाला कोणी विचारलं तरी होतं का?"
मी म्हटलं, कोणी विचारलं असतं तर?
ती भाजी निवडायला बसली. मी तत्त्वाची बाजू समजावली. ट्रक जात होते, किती ऐकू गेली माहीत नाही.

२४ एप्रिल.
सामान्य नागरिक म्हणून रांगेत उभं राहून अर्ज दिला, गल्ली यादीत घ्यावी. दुपारी तो माझ्याच टेबलावर आला. स्वतःच्या अर्जावर स्वतः शेरा मारणं बरं नाही. फाइलींच्या खाली ठेवला.

२९ एप्रिल.
साहेबांनी पंधरा दिवसांचा अहवाल मागितला. एक्केचाळीस गल्ल्यांत एकही ट्रक नाही. संपूर्ण यश. तसं लिहिलं. खरं होतं.

३० एप्रिल, मंगळवार. सकाळी ११.
बायकोने टेम्पो बोलावला. खाट, औषधांचा डबा, दोन बॅगा. आई जायला नको म्हणेल असं वाटलं होतं. माझी आई आहे. तिने फक्त चष्मा कुठे आहे ते विचारलं.
टेम्पोवाला भला माणूस. म्हणाला, "साहेब, सगळ्या शहरात ही एकच गल्ली मोकळी ठेवलीय. ज्याने ठेवली त्याला आम्हा गाडीवाल्यांचं दुःख कळतं." मी हो म्हटलं.
बायको आईचा हात धरून पुढे बसली. मला म्हणाली, दूध उतू जाईल, गॅस बघा. मागे तीन ट्रक हॉर्न देत उभे होते. टेम्पोला निघायला जागा नव्हती. मी रस्त्यावर उतरलो, ट्रकांना थांबवलं आणि टेम्पोला हाताने खूण करत राहिलो. येऊ दे, येऊ दे, अजून येऊ दे. बस. जा.