लोखंडात आवाज दिसणाऱ्याची वाटणी

काशीरामकाका, पुन्हा तेच! मला वेड लागलंय, असं तुम्ही पनवेलच्या कचेरीपर्यंत सांगत सुटलात. "त्याला लोखंडान आवाज दिसतो म्हनं! असल्याची सई चालल का?" आणि त्या जोरावर माझ्या वाट्याचं मिठागर स्वतःच्या नावे चढवायला निघालात. म्हणून मी, विठू बळीराम घरत, वय चोवीस, शिक्षण चौथी, राहणार गव्हाण, तालुका पनवेल, हल्ली मुक्काम जबलपूर, पूर्ण शुद्धीत आणि पोटभर जेवून हे मृत्युपत्र लिहितो.

आवाज दिसतो हे मीच पत्रात कळवलं होतं, आणि ते खरंच आहे. इथे कारखान्यात मी आगगाडीच्या चाकांचे मधले दांडे तपासतो. दांड्याला तेल चोपडून यंत्राचा ठोकळा टेकवला, की माणसाच्या कानाला न येणारा आवाज आत शिरतो, पलीकडच्या टोकाला आपटून परततो आणि काचेवर हिरवी रेघ उभी राहते. त्याच्या आधीच दुसरी रेघ उठली, तर आत चीर. लोखंड फोडावं लागत नाही.

कारखान्याच्या डॉक्टर सप्र्यांकडे मी शहाणपणाचा दाखला मागितला. ते म्हणाले, "आधी आवाज दाखव." दाखवला. मधेच रेघ उठली. "अरे, दिसतोय की!" डॉक्टर ओरडलेच. दांडा कापला, आत चीर निघाली. साहेबांनी पेढे वाटले, मला नोकरीत कायम केलं. दाखल्यावर डॉक्टरांनी लिहिलं : इसम शहाणा आहे; आवाज मलाही दिसला.

कलम एक. तुमच्या-माझ्या सामाईक मिठागरातला माझा निम्मा हिस्सा माझी थोरली बहीण भामाताई हिला. बाबांच्या मागे बांध तिनेच राखला. "बायकांना मिठागर कशाला?" असं तुम्ही विचारलंत, तेव्हा तीच म्हणाली ना, "काका, बाईनं ओढलेलं मीठ कमी खारट लागतं का?" वहिवाट आजपासून तिची, माझ्या मागे मालकीही तिचीच. कोणी हरकत घेऊ नये. तुम्ही तर नाहीच.

कलम दोन. घरातली माझी खोलीही तिला.

कलम तीन. वेड उतरावं म्हणून तुम्ही भगताकडून पाठवलेला ताईत तुम्हालाच परत. यंत्रावर लावून पाहिला. आत पोकळ आहे.

साक्षीदार : डॉ. दिगंबर सप्रे, शिवचरण केवट (माझा पाळीचा जोडीदार).
सही : विठू बळीराम घरत
जबलपूर, १२ फेब्रुवारी १९६४

ताई, हा कागद पनवेलला वकिलाकडे ठेव आणि बांधाला माणसं लाव. कायम झाल्यावरच्या पहिल्या पगारातून तुझ्या नावे मनीऑर्डर केली आहे, रुपये एकशे दहा.