आईला सांगितलं

शनिवार, रात्र

परवा पहाटे सायकलने कोल्हापूरला निघायचंय आणि आईला सांगायचं धाडस होत नव्हतं. आज अंगणात चेनला तेल देत होते, तेवढ्यात ती मासे विकून आली. सांगून टाकलं. फोंडाघाट चढायचाय, हेही. आता ओरडणार! पण ती सायकलकडेच बघत राहिली.

"एकटीच जातलंस?"

"होय."

"माका ही कधी कोणी शिकवल्यानच नाय गो."

तिच्या साठ वर्षांत हे कधी बोलली नाही? की मीच विचारलं नाही? सीट खाली केली. तिने साडी खोचली. मी मागून धरून पळत होते. मध्येच हात सोडला. थोडी एकटी गेली आणि पडली. धावले, तर गुडघा चोळत हसत होती.

"परत धर."

काळोख होईपर्यंत धरत होते. प्रवासाच्या पिशव्या भरायच्या राहिल्या.